उंच वाढलेल्या हिरव्या कुंपणाची छाटणी आणि उंची कमी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगल्याभोवती, सोसायटीच्या हद्दीवर किंवा फार्महाऊसच्या कडेने लावलेले हिरवे कुंपण, म्हणजे बोलीभाषेतली हेज, दोन-तीन पावसाळे हाताबाहेर गेली की कुंपण छाटणीचे काम करणाऱ्या आमच्याकडे मालकांचे दूरध्वनी येऊ लागतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या हवामानाला धरून आहेत.

नेहमीची छाटणी आणि उंची कमी करणे यांत फरक काय?

नेहमीच्या छाटणीत मागच्या खेपेनंतर आलेली कोवळी वाढ काढली जाते. हे काम कात्रीचे आहे, पाते हिरव्या भागातूनच फिरते आणि दुसऱ्या दिवशी कुंपण पाहणाऱ्याला ते फक्त नीटनेटके झालेले दिसते. उंची कमी करताना मात्र पाते जुन्या, तपकिरी, मनगटाएवढ्या जाड लाकडात शिरते, झाडाच्या पानांचा मोठा हिस्सा एका दिवसात निघून जातो आणि उरलेल्या खोडावर नवे डोळे फुटतील या भरवशावर पुढचे सगळे अवलंबून राहते. पंधरा फुटांचे कुंपण सहा फुटांवर आणणे हे एखाद्या रोग्यावरील शस्त्रक्रियेसारखे आहे. कापता कोणालाही येते, पण किती कापले म्हणजे रोगी उठून बसेल हे आधी ठरवावे लागते. म्हणूनच जागेवर येऊन, फांद्या बाजूला सारून, आतले लाकूड पाहिल्याशिवाय आम्ही कोणतेही आश्वासन देत नाही, आणि केवळ छायाचित्रावरून ते देणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये असे आमचे मत आहे.

माळी दर महिन्याला येतो, तरी कुंपण इतके उंच कसे झाले?

बहुतेक वेळा माळ्याचा हात पोहोचतो तेथपर्यंतच छाटणी होते. बाजू कापल्या जातात आणि शेंडा तसाच राहतो. झाडाच्या शेंड्याकडून खाली येणारे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते, त्यामुळे शेंडा शाबूत असेपर्यंत झाडाचा जोर वरच राहतो. वरचा भाग रुंदावतो, त्याची सावली खाली पडते, खालची पाने गळतात आणि काही वर्षांत खाली काटक्या व वर छत्री असे रूप येते. दुसरे कारण साधे आहे : दर वेळी मागच्या कापाच्या बोटभर वर कापण्याची सवय. वर्षातून चार वेळा बोटभर म्हटले तरी दहा वर्षांत ते दोन फुटांच्या पुढे जाते, आणि हे रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

किती उंची ठेवणे योग्य?

ज्या उंचीला जमिनीवर किंवा ठोकळ्यावर उभे राहून हात पुरतो, ती उंची राखायला स्वस्त पडते. म्हणजे साधारण पाच ते साडेसहा फूट. त्याहून एक फूट वाढवला की शिडी किंवा घोडी लागते, दुसरा माणूस लागतो आणि प्रत्येक खेपेचा खर्च वाढतो. रस्त्यावरची धूळ किंवा समोरच्या गॅलरीतली नजर अडवायची असेल तर आठ फूट समजू शकतो. त्यापुढची उंची बहुधा कोणी ठरवलेली नसते, ती झालेली असते.

ज्यांना उंच कुंपणाचा अभिमान आहे त्यांच्यासाठी एक आठवण सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून उत्तर आणि मध्य भारतातून शेकडो मैल लांबीचे काटेरी कुंपण वाढवले होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्या जकात खात्याचे आयुक्त असताना या कुंपणाची बरीच वाढ झाली. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचे ते कुंपण उत्तम अवस्थेत दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट रुंद होते. ते राखण्यासाठी आणि त्यावर पहारा ठेवण्यासाठी हजारो माणसे पगारावर होती, आणि १८७९ मध्ये ती जकातरेषा मोडीत निघाली. बंगल्याच्या मालकाकडे असे खाते नसते, हे लक्षात घेऊन उंची ठरवावी.

आमच्या कुंपणाची झाडे खोल छाटणी सहन करतील का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर झाडाच्या जातीवर अवलंबून आहे.

मेंदी, कोयनेल (हिलाच काही ठिकाणी कडू मेंदी म्हणतात), डुरांटा, जास्वंद, बोगनवेल आणि फायकस ही जुन्या लाकडावरून जोमाने फुटणारी झाडे आहेत. निरोगी मेंदी तर जमिनीपासून एक-दीड फुटावर कापली तरी पाऊस मिळाल्यावर दाट फुटते. डुरांट्याच्या काही जातींना काटे असतात आणि त्याची पिवळी फळे विषारी असतात, म्हणून मुले असलेल्या घरी छाटलेला माल लगेच उचलावा लागतो. फायकसचा पांढरा चीक हाताला लागून त्रास होतो, पण झाड म्हणून ते फार सोशीक आहे. कुंती, जिला रोपवाटिकेत कामिनी म्हणतात, तीही फुटते. मात्र ती मंद वाढीची असल्यामुळे पुन्हा भरायला मेंदीपेक्षा बराच जास्त काळ घेते, आणि हे आधी सांगितले नाही तर मालक तिसऱ्या महिन्यात नाराज होतात.

उंच कुंपणासाठी सर्रास लावला जाणारा सरळसोट अशोक, म्हणजे आसुपालव, वेगळ्या स्वभावाचा आहे. त्याचा शेंडा कापला की झाड मरत नाही, पण त्याचा तो निमुळता डौल परत येत नाही. कापलेल्या जागेखालून तीन-चार शेंडे एकदम वर धावतात आणि त्यांचा जोड कमकुवत असल्यामुळे वादळात ते मोडतात. एकदा शेंडा उडवला की दरवर्षी ते नवे शेंडे विरळ करण्याचे काम मागे लागते. ज्यांना अशोकाची रांग ठेवायची आहे त्यांनी ती उंचच ठेवावी आणि फक्त बाजू आवराव्यात, असा आमचा सल्ला असतो. तो पुष्कळांना आवडत नाही.

सुरू आणि मोरपंखी यांच्याबाबत कठोरपणे सांगावे लागते. या झाडांचा हिरवा भाग बाहेरच्या थरात असतो आणि आत उघडे, तपकिरी लाकूड असते. त्या जुन्या लाकडातून मोरपंखी फुटत नाही आणि जुना सुरूही जवळजवळ फुटत नाही. अशा कुंपणाची बाजू खोल कापली तर तेथे कायमचे भगदाड राहते. उंची थोडी कमी करता येते, पण हिरव्याच्या आत पाते नेता येत नाही.

कोनोकार्पस हे गेल्या काही वर्षांत बिल्डरांचे आवडते झाड झाले, कारण ते वर्षभरात भिंतीसारखे उभे राहते. छाटणीचा त्याला काहीही त्रास होत नाही. त्रास होतो तो छाटणाऱ्याला, कारण दोन महिन्यांत ते पुन्हा तेथेच असते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. आपल्याकडे ते असेल तर उंची कमी करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने बदलण्याचा विचार करावा.

बांबूचा प्रश्न निराळा. बांबूची काठी पेराच्या वर कापली की ती पुन्हा उंच होत नाही, उंची वाढते ती नव्या कोंबांनी. म्हणून बांबूच्या कुंपणात जुन्या काठ्या बुडातून काढून विरळणी करणे आणि नव्या काठ्या हव्या त्या उंचीवर खुडणे, हाच मार्ग आहे.

शेताच्या बांधावरचा शेर, कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांची छाटणी आम्ही करतो, पण वेगळ्या तयारीने. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर तीव्र दाह होतो आणि काही काळ दिसेनासेही होऊ शकते. त्यामुळे बंद चष्मा, लांब बाह्या आणि जवळ भरलेली पाण्याची बादली यांशिवाय कोयता हाती घ्यायचा नाही, हा आमचा नियम आहे.

एकाच दिवसात उंची निम्मी करता येईल का?

मेंदी, कोयनेल किंवा डुरांटा असेल, झाडे निरोगी असतील आणि पाण्याची सोय असेल तर येईल. इतरांसाठी आम्ही काम दोन किंवा तीन हंगामांत विभागतो : पहिल्या हंगामात उंची आणि एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी बाजू. अशाने झाडाला अन्न तयार करायला काही पाने शिल्लक राहतात आणि मालकालाही दोन्ही बाजूंनी उघडे पडल्यासारखे वाटत नाही. सर्वसाधारण मर्यादा म्हणून एका खेपेला पालवीचा तिसरा हिस्सा धरावा. त्यापलीकडे जाताना कारण असावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना पटवून द्यावी लागते. तयार कुंपण सहा फुटांचे हवे असेल तर खोडे पाच फुटांवर कापायची असतात. बरोबर सहा फुटांवर कापले तर नव्या फुटीला वर जागाच राहत नाही, प्रत्येक छाटणीत कापलेली जाड खोडे उघडी दिसतात आणि वर्षभरात कुंपण पुन्हा सात फूट होते. कापल्या दिवशी ते अती खुजे दिसते, हे खरे आहे.

हे काम कोणत्या महिन्यात करावे?

देशावर, म्हणजे पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यात, खोल छाटणीसाठी मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध हा काळ आम्हाला योग्य वाटतो. पहिल्या सरींनी जमीन भिजते, हवेतली आग कमी होते आणि फुटवा येतो तेव्हा पाणी आणि ढगाळ हवा दोन्ही हाताशी असतात. एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला केलेली खोल छाटणी धोक्याची असते, कारण वर्षानुवर्षे सावलीत राहिलेल्या आतल्या फांद्यांच्या सालीवर एकदम ऊन पडते आणि साल भाजून फुटते. विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो तेथे पाऊस प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे आहे.

कोकणात आणि गोव्यात उलट अडचण आहे. जून ते ऑगस्ट या काळात तेथे इतका पाऊस पडतो की ओल्या जमिनीवर शिडी उभी राहत नाही आणि ताज्या कापांवर बुरशी धरते. तेथे आम्ही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडतो. जमिनीत ओल असते, ऊन परतलेले असते आणि झाडाला थंडीपूर्वी फुटायला वेळ मिळतो.

हलकी छाटणी कडक उन्हाळ्याचा काळ सोडून केव्हाही चालते. डुरांटा आणि कोयनेल यांना पावसाळ्यात दर महिन्याला, हिवाळ्यात दोन महिन्यांतून एकदा हात लागतो. कुंतीला वर्षातून दोन-तीन वेळा पुरे.

प्रत्यक्ष काम कसे चालते? इतके दिवस का लागतात?

शंभर फूट लांब, पाच फूट रुंद आणि बारा फूट उंच डुरांट्याचे कुंपण सात फुटांवर आणायचे आहे असे धरू. पाहणाऱ्याला वाटते की यंत्र फिरवले की संपले. वास्तविक हेज ट्रिमरचे पाते बोटाएवढ्या फांदीपर्यंतच चालते. त्याहून जाड सगळे करवत आणि लोपरचे, म्हणजे लांब दांड्यांच्या कात्रीचे, काम आहे, आणि उंच कुंपणात तेच जास्त असते.

सुरुवात दोरीने होते. दोन्ही टोकांना बांबू रोवून त्यांवर उंचीची खूण केली जाते आणि मध्ये दोरी ताणली जाते. जमीन उताराची असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणून पातळी काढावी लागते, कारण डोळ्याला सरळ वाटलेली रेघ गच्चीवरून पाहिली की वाकडी निघते. उंच कुंपणाचा वरचा पृष्ठभाग खालून दिसत नाही, तो मालकाला पहिल्या मजल्यावरून दिसतो, हे आमच्या माणसांना सतत आठवून द्यावे लागते.

नंतर शेंडे. कुंपणाला शिडी टेकवता येत नाही, कारण कुंपण मऊ असते आणि माणसासह शिडी आत जाते. म्हणून दोन्ही बाजूंना पाय असलेली घोडी किंवा, लांब कामासाठी, फळ्यांची परांची उभी करतो आणि ती दर आठ-दहा फुटांनी हलवतो. उभारणे, हलवणे, पुन्हा घट्ट करणे यांतच दिवसाचा बराच वेळ जातो. वरची खोडे दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत कापून खाली सोडली जातात. जाड फांदीला आधी खालून अर्धवट काप देतो, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेला बुडखा स्वच्छ कापतो. असे न केल्यास फांदी आपल्याच वजनाने तुटून खोडाची साल हातभर सोलून नेते. शेवटचा काप किंचित तिरका असतो, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही.

मोठी उंची काढताना वरून सुरुवात करतो आणि बाजू नंतर घेतो, कारण वरून पडणारा माल बाजूंची केलेली सफाई बिघडवतो. बाजू मात्र खालून वर कापायच्या असतात, म्हणजे कापलेल्या काड्या सुटून खाली पडतात आणि पुढचा भाग स्पष्ट दिसतो. बाजूंना उतार द्यायचा असतो : बूड रुंद, माथा थोडा अरुंद, जेणेकरून खालच्या पानांनाही ऊन मिळते. भिंतीसारखे अगदी उभे कापलेले कुंपण पहिल्या वर्षी देखणे दिसते आणि तिसऱ्या वर्षी खालून उघडे पडते.

पेट्रोलचे ट्रिमर पाच-सहा किलोचे असते. ते खांद्याच्या वर धरून अर्धा तास चालवले की हात थरथरू लागतात, बोटांना मुंग्या येतात आणि रेघ वाकडी होऊ लागते. म्हणून दोन माणसे आळीपाळीने यंत्र धरतात, तिसरा खाली शिडी आणि दोरी सांभाळतो आणि चौथा माल ओढतो. आमच्या अनुभवात मनुष्यबळाचा मोठा वाटा कापण्यात नव्हे, तर अडकलेल्या फांद्या एकमेकींतून सोडवून, गाडीच्या वाटेपर्यंत ओढून नेण्यात खर्ची पडतो. डुरांट्याचे काटे आणि बोगनवेलीचे आकडे यांना चामड्याचे हातमोजेसुद्धा पूर्ण पुरत नाहीत.

यंत्रापेक्षा कात्रीने काम चांगले होते का?

काही झाडांवर निश्चित होते. जास्वंद, कुंती, रुंद पानांचा फायकस यांची पाने यंत्राने अर्धी फाटतात आणि चार दिवसांत कडा तपकिरी पडतात. लहान कुंपण असेल तर छाटणी दोन हाती कात्रीने किंवा सिकेटरने, म्हणजे एका हाताच्या छाटणी कात्रीने, करणेच योग्य. लांबलचक कोयनेलच्या कुंपणावर कात्रीचा आग्रह धरणे म्हणजे केवळ मजुरी वाढवणे आहे. पात्याला धार आहे की नाही, हा प्रश्न यंत्र की कात्री यापेक्षा मोठा आहे. रोगट झाड कापल्यावर पाते स्पिरिटने पुसले जाते का, हेही विचारावे.

कुंपणात साप, मधमाश्या किंवा घरटी निघाली तर?

निघतातच. काम सुरू करण्यापूर्वी आमचा माणूस लांब काठीने कुंपण हलवत दोन्ही बाजूंनी फिरतो. हिरव्या कुंपणात बहुधा हरणटोळ दिसतो. तो माणसाला धोकादायक नाही आणि वाट दिली की निघून जातो. खरी काळजी बुडाशी साचलेल्या पाचोळ्याची असते, कारण तेथे घोणस असू शकते. पाचोळा हाताने उचलायचा नाही, दाताळ्याने ओढायचा, आणि साप दिसल्यास काम थांबवून सर्पमित्राला बोलवायचे.

फुलोरी माश्यांचे छोटे पोळे आणि गांधीलमाशीचे घर पानांत इतके दडलेले असते की यंत्राच्या हादऱ्यानेच ते कळते. पाने शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या कोकणात आणि गोव्यात फार. हिवाळ्यात कुंपणावर चढलेल्या खाजकुयलीच्या सुकलेल्या शेंगा असल्या, तर त्यांची लव उडून अंगभर खाज सुटते. त्या शेंगा आधी पाणी मारून, ओल्या असतानाच काढाव्या लागतात.

बुलबुल, शिंपी, शिंजीर, मुनिया असे पक्षी कुंपणात घरटी करतात. अंडी किंवा पिले असलेले घरटे दिसले तर त्याभोवतीचा काही फुटांचा भाग आम्ही सोडतो आणि पिले उडाल्यावर परत येऊन पूर्ण करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करणे व घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी तीन आठवडे थांबण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

कुंपणावरून विजेची तार जाते. तरी काम होईल का?

वीज बंद केल्याशिवाय होणार नाही. ओली फांदी वीज वाहून नेते आणि ॲल्युमिनिअमची शिडी तर अधिकच. उघड्या तारेच्या जवळ फांद्या पोहोचल्या असतील तर महावितरणाच्या स्थानिक कार्यालयात अर्ज करून ठरावीक वेळेसाठी पुरवठा बंद करून घ्यावा. तो बंद झाल्याची खात्री त्यांच्या कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावी. घरातला मुख्य खटका पाडल्याने रस्त्यावरची तार बंद होत नाही, हे सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते, पण सांगावे लागते.

परवानगी लागते का?

मेंदी, डुरांटा, कोयनेल यांच्या नेहमीच्या छाटणीसाठी सहसा कोणी विचारत नाही. पण अशोक, सुरू, फायकस यांसारखी झाडे हेज म्हणून लावली असली तरी ती झाडेच आहेत. महाराष्ट्रातल्या नागरी क्षेत्रांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि त्यानुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांत फांद्यांच्या छाटणीसाठीही उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. अर्जात झाडांची जात, संख्या, सध्याची उंची आणि कारण स्पष्ट लिहावे आणि छायाचित्रे जोडावीत. सोसायटी असेल तर व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत असावा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचे काम आम्ही घेत नाही.

कुंपणाची दुसरी बाजू शेजाऱ्याच्या आवारात आहे. ती कशी करायची?

त्यांना आधी भेटून, तारीख सांगून आणि शक्य झाल्यास त्यांच्या समोर उंची ठरवून. आमची माणसे शेजाऱ्याच्या आवारात त्यांच्या होकाराशिवाय उतरत नाहीत. पडलेला माल त्याच दिवशी उचलला जाईल आणि त्यांच्या कुंड्या, गाडी, पाण्याची टाकी झाकली जाईल, एवढे सांगितले की बहुतेक शेजारी फाटक उघडतात. उंचीवरून वाद असेल तर तो आधी मिटवावा; शिडीवर चढलेल्या माणसाला खालून दोन मालकांनी दोन उंची सांगणे हे रोजचे आहे.

दर कसा ठरतो?

हलक्या छाटणीचा दर सहसा रनिंग फुटावर असतो. उंची कमी करण्याचे काम मात्र आम्ही पाहणी करून उक्ते घेतो, कारण दोन सारख्या लांबीच्या कुंपणांत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो. लाकडाची जाडी, काटे, दोन्ही बाजूंनी जागा आहे की नाही, गाडी कोठपर्यंत येते, तारा आणि माल कोणी उचलायचा, या गोष्टींवर रक्कम ठरते. हजेरीवर काम देणाऱ्यांनी संध्याकाळी किती फूट झाले ते मोजून घ्यावे. अतिशय कमी दर सांगणाऱ्याला माल उचलण्याचे आणि कामगारांच्या विम्याचे स्वतंत्रपणे विचारावे. फरक बहुधा तेथेच सापडतो.

छाटलेल्या मालाचे काय करता?

वर धरलेल्या उदाहरणाचाच हिशेब पाहू. शंभर फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट उंचीचा थर काढला, तर उभ्या स्थितीत तो अडीच हजार घनफूट, म्हणजे पंचवीस ब्रास भरतो. त्यात पोकळीच जास्त असल्यामुळे तुकडे करून, तुडवून तो बराच दबतो, तरीही एका टेम्पोत मावेल ही अपेक्षा धरू नये.

जागा असेल तर उत्तम उपाय म्हणजे यंत्राने भुगा करून तो झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाकणे. गिरिपुष्पाचा पाला शेतकरी खतासाठी आनंदाने नेतात. कण्हेर, बिट्टी आणि डुरांटा यांचा पाला गुरांच्या किंवा शेळ्यांच्या तोंडी लागता कामा नये, तो वेगळा बांधावा. जाळण्याचा आग्रह कृपया धरू नये : घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनीच उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आहे, आणि कण्हेरीचा धूर तर स्वतःच विषारी असतो.

कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरले आहे. छाटणीने जाईल का?

ती अमरवेल आहे. तिला जमिनीत मूळ नसते, ती झाडाच्या फांदीतच शोषक मुळे घालते. वरवर ओढून काढली तर तिचा बोटभर तुकडाही पुन्हा वाढतो. तिने विळखा घातलेली फांदी, विळख्याच्या हातभर खालून, संपूर्ण कापावी लागते आणि तो माल भुगा न करता पिशव्यांत भरून वेगळा न्यावा लागतो. छाटणीच्या यंत्रानेच ती कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरते, त्यामुळे अमरवेल असलेला भाग आम्ही सर्वांत शेवटी घेतो. फुले येण्यापूर्वी हे काम झाले तर बी पडत नाही.

खोल छाटणीनंतर काय काळजी घ्यावी?

अंगठ्याहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे बागायतदारांचे नेहमीचे प्रमाण आहे. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करावेत, लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजावे.

पाऊस नसेल तर आठवड्यातून दोनदा खोलवर पाणी द्यावे. खत लगेच देऊ नये. डोळे फुटून बोटभर झाल्यावर कुजलेले शेणखत बुडाशी मिसळावे. नवी फूट सहा-आठ इंच झाली की तिचा शेंडा खुडावा. हा खुडा बहुतेकजण टाळतात, कारण इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली पालवी कापवत नाही. पण तो घेतला नाही तर प्रत्येक खोडावर दोन लांब काठ्या येतात आणि कुंपण भरत नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. तेथे हेच नियम चालतील का?

झाडाचे शास्त्र चालेल, ऋतू आणि कायदा चालणार नाही. तेथे घरांमधल्या भांडणांचे मोठे कारण असलेले लेलँडी हे सूचिपर्णी झाड आपल्या मोरपंखीसारखेच जुन्या लाकडातून फुटत नाही, म्हणून ते वेळीच आवरावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या एका कायद्याने दोन मीटरपेक्षा उंच, सदाहरित किंवा जवळजवळ सदाहरित झाडांच्या रांगेविरुद्ध शेजाऱ्याला स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. वसंत आणि उन्हाळ्यात तेथे पक्ष्यांची वीण चालू असते आणि वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे हा गुन्हा आहे, त्यामुळे मोठी छाटणी त्या काळाबाहेर ठेवतात. स्कॉटलंडमधल्या मिकलूर येथे १७४५ मध्ये लावलेले बीच वृक्षांचे कुंपण सुमारे तीस मीटर उंच आहे. तेथे गेलात तर ते अवश्य पाहावे, आणि घरी त्याची नक्कल करू नये.

कुंपण खालून पूर्ण उघडे पडले आहे. छाटायचे की उपटून नवे लावायचे?

नखाने खालच्या खोडाची साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला आणि झाड मेंदी, कोयनेल, डुरांटा यांपैकी असेल तर बुडापासून दीड फुटावर कापून एक पावसाळा वाट पाहावी. साल खाली कोरडी, तपकिरी असेल, खोड पोकळ झाले असेल किंवा कुंपण मोरपंखीचे असेल तर उपटणेच बरे. मधूनमधून काही झाडे मेली असतील तर त्या जागी नवी रोपे लावून फारसा उपयोग होत नाही, कारण दोन्हीकडच्या जुन्या मुळ्या पाणी आणि खत ओढून घेतात. लावायचीच असतील तर खड्डा दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल घ्यावा, शेजारच्या मुळ्या कापाव्यात, माती बदलावी आणि शेजारच्या झाडांचा माथा निदान एक वर्ष रोपांच्या उंचीपेक्षा फार वर जाऊ देऊ नये.